गैंतीचा दांडा आधी, देखरेख नंतर

प्रश्न थोडक्यात असा. इंदूरच्या एका चोवीस वर्षांच्या मराठी मुलाने बी.एस्सी. कृषी झाल्यावर महूच्या पुढे, मानपूरच्या बाजूला, चाळीस एकरांच्या जमिनीवर देखरेखीची नोकरी धरली आहे. हाताखाली झाबुआ-अलीराजपूरचे भिल आणि भिलाला आदिवासी मजूर, शेजारी माळवी शेतकरी, आणि थंडीत दोन-तीन महिने राहायला येणारे परदेशी स्वयंसेवक. तो विचारतो : "मजूर माझं ऐकतात, पण मला मानत नाहीत. बाहेरचं काम हाताने शिकायचं तर सुरुवात कुठून करू? आणि इतक्या निरनिराळ्या संस्कृतींच्या माणसांना एका कामावर बांधून ठेवणारं काही समान मूल्य खरंच असतं, की ते भाषणापुरतं असतं?"

"ऐकतात, पण मानत नाहीत" हे वाचलं आणि मला माझं १९९२ साल आठवलं. इंदूरच्या रामबागेतून सकाळी स्कूटर काढायची, हातात वही, डोक्यावर हॅट. मजूर "हाँ साब" म्हणायचे आणि मी पाठ फिरवली की त्यांच्या मनासारखं करायचे. लाजेची गोष्ट अशी की बऱ्याचदा त्यांचंच बरोबर निघायचं. तेव्हापासून बागा, पाणलोटाची कामं, दगडी बांध, खड्डे आणि रोपं हेच करत आलो. त्यामुळे तुझ्या प्रश्नाचा दुसरा भाग मी पहिल्यापासून वेगळा काढू शकत नाही. मूल्यांची चर्चा मी कामावर कधी ऐकली नाही, ती हत्यारं आवरताना आणि भाकरी वाटताना दिसली.

तर पहिलं काम. उद्या सियागंज बाजारात जा आणि स्वतःच्या पैशाने एक गैंती घे, दांड्याशिवाय. घरी आपण तिला टिकाव म्हणतो, पण इथे गैंतीच म्हण. पहारीला सब्बल, घमेल्याला तगारी. बडोद्याकडचा माणूस आला तर तो गैंतीला त्रिकम म्हणेल आणि सब्बलला कोश. ज्या साइटवर जो शब्द चालतो तो उचलावा, मराठी बाटत नाही त्याने.

दांडा वेगळा शोध. धावडा मिळाला तर उत्तम, तिवसही चांगला, नाहीतर बाभूळ आहेच. लाकूड कठीण असून भागत नाही, त्याला लवचीकपणा हवा, नाहीतर दगडावर घाव बसला की झटका थेट कोपरात येतो. आणि रेष बघ. दांडा डोळ्याशी धरून बंदुकीसारखा एक डोळा मिटून बघायचा. लाकडाची रेष या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग गेली पाहिजे. मध्येच बाजूने बाहेर पडत असेल तर दांडा नेमका तिथेच तुटतो. बसवताना गैंतीचं भोक नीट पाहा, ते एका बाजूला थोडं रुंद असतं. दांड्याचं बारीक टोक रुंद बाजूने घालून खाली ओढायचं, म्हणजे जाड टोक वर जाऊन अडतं आणि प्रत्येक घावाला पातं आणखी घट्ट बसतं. म्हणून कुऱ्हाडीला पाचर लागते, गैंतीला लागत नाही. ढिला दांडा रात्रभर पाण्यात ठेवून फुगवायची सवय सगळ्यांना आहे. ती एक दिवसाची युक्ती आहे, लाकूड वाळलं की पुन्हा ढिलं. त्यापेक्षा जवसाचं तेल चोळ. आपल्याकडे अळशी पिकते, तेल महाग पडत नाही.

हे इतकं सांगतोय त्याला कारण आहे. बारा-तेरा वर्षांपूर्वी माझ्याकडे एक जर्मन मुलगा आला होता, सुताराचा. हिंदी शून्य. आमच्याकडे अलीराजपूरचा एक म्हातारा होता, हिंदी त्यालाही बेताचीच. सकाळी नवे सात-आठ दांडे आले होते, ते जमिनीवर पसरले होते. म्हाताऱ्याने एक उचलला, डोळ्याशी धरला, बाजूला टाकला. जर्मन मुलाने पुढचा उचलला, तसाच डोळ्याशी धरला, बोटाने एक जागा दाखवली आणि बाजूला टाकला. म्हातारा हसला. मग दोघांनी मिळून सगळे तपासले आणि तीन ठेवले. त्या मुलाच्या गावी दांड्याला ॲश नावाचं झाड वापरतात, अमेरिकेत हिकरी, जपानात ओक. झाडं वेगळी, पण डोळ्याशी धरून रेष बघणं सगळीकडे तेच. त्या दिवसापासून तो म्हातारा त्याला "मिस्तरी" म्हणायला लागला. मला अजून "साब"च होता.

हत्यार घेतलं तसं परत करणं, माती धुऊन, धार पाहून, पातं वर न ठेवता. ज्या ज्या देशातल्या माणसांबरोबर मी काम केलं त्या प्रत्येकाला हे न सांगता कळत होतं, किंवा न कळल्याबद्दल लहानपणी मार मिळालेला होता. आपण खंडेनवमीला हत्यारांना हळदकुंकू लावतो आणि उरलेलं वर्ष त्यांना गंज चढू देतो. मी घरातलंच सांगतोय, रागावू नकोस. तुझ्या साइटवर संध्याकाळी सगळे गेल्यावर हत्यारं कोण धुतं ते बघ. पहिला महिना ते तू कर. कानस घे आणि फावड्यांना धार लाव. त्याबद्दल कोणी काही बोलणार नाही, पण पाहतील सगळे.

दुसरं, वाफसा, म्हणजे माती ना फार ओली ना फार सुकी, काम करण्याजोगी असते ती वेळ. पुस्तकात हा शब्द तू वाचला असशीलच. इथले शेतकरी "बतर" म्हणतात : "बतर आने दो, फिर बोएँगे." माळव्याची काळी माती ओली असताना तिच्यात पाय घातलास तर बुटाला दोन किलो चिकटते आणि मागे जे ढेकूळ राहतं ते वाळल्यावर विटेसारखं होतं. वाळली की बोट जाईल एवढ्या भेगा. काम करण्याजोगे दिवस मध्ये थोडेच मिळतात. वीतभर खालची माती मुठीत दाब, गोळा कर, कमरेच्या उंचीवरून सोड. फुटून भुगा झाला तर काम सुरू. चपटा होऊन पडला तर चहा प्यायला जा. गोळा झालाच नाही तर उशीर झाला. माझ्याकडे आलेल्या एका फ्रेंच बाईने हे पाहून तिचे आजोबाही असंच करायचे म्हणून सांगितलं. मालकाचा फोन आला की "आज काम का बंद?" तेव्हा "वाफसा नाही" हे ठामपणे सांगता येणं हाही कौशल्याचाच भाग आहे. मजूर तुला त्यावरून तोलतात.

आता खताचा खड्डा. इथे मी थोडा रेंगाळणार आहे, कारण तुझ्या दोन्ही प्रश्नांची उत्तरं त्या एका खड्ड्यात पुरलेली आहेत. आणि तो खड्डा आपल्या गावचा आहे.

अल्बर्ट हॉवर्ड नावाचा इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ १९०५ मध्ये बिहारमधल्या पुसाच्या सरकारी संस्थेत आला. शिकवायला आला आणि आजूबाजूच्या शेतकऱ्यांकडून शिकत बसला. १९२४ पासून १९३१ पर्यंत तो इंदूरला होता, इन्स्टिट्यूट ऑफ प्लँट इंडस्ट्री या संस्थेत. त्याची बायको गॅब्रिएल, तीही वनस्पतिशास्त्रज्ञ, बरोबरीने काम करत होती. त्या जागेवर आज आपलं कृषी महाविद्यालय आहे. इथे त्याने जी कंपोस्टची रीत बसवली ती जगभर "इंदूर पद्धत" म्हणून गेली, केनियाच्या कॉफीच्या मळ्यांपर्यंत. १९३१ मध्ये या पद्धतीवर जे पुस्तक निघालं त्यावर दोन नावं आहेत : हॉवर्ड आणि यशवंत वाड. हे दुसरं नाव इंदूरच्या मराठी घरांतही फारसं कोणी घेत नाही.

पण हॉवर्डला तरी हे कुठून सुचलं? एफ. एच. किंग नावाचा अमेरिकन मृदाशास्त्रज्ञ १९०९ मध्ये चीन, कोरिया आणि जपान फिरून आला होता. तिथले शेतकरी पालापाचोळा, शेण-मूत्र, गाळ, राख यातलं काहीही वाया न घालवता शतकानुशतकं तीच जमीन कशी कसतात ते त्याने लिहून ठेवलं. ते हॉवर्डने वाचलं आणि त्याचं ऋण उघड मान्य केलं. म्हणजे चिनी शेतकऱ्याच्या हातचं काम अमेरिकन माणसाने टिपलं, इंग्रजाने वाचलं, मराठी माणसाच्या साथीने तपासलं, आणि माळव्यातल्या मजुरांनी फावड्याने उलथून सिद्ध केलं. त्या मजुरांची नावं कुठल्याच मुखपृष्ठावर नाहीत. मजुरांना कसं वागवावं यावरही हॉवर्डने १९३१ मध्ये एक लेख लिहिला होता : पगार वेळेवर, विश्रांती पुरेशी. शंभर वर्षं होत आली, आणि माझ्या धंद्यातले निम्मे ठेकेदार अजून पहिल्या अटीवरच अडतात.

खड्डा साधारण तीस फूट लांब, चौदा फूट रुंद, दोन-तीन फूट खोल, कडा उतरत्या. तू लहान कर, पण दोन-तीन फुटांहून खोल जाऊ नकोस, खाली हवा पोचत नाही. सुका काडीकचरा, सोयाबीनचं कुटार, पालापाचोळा यांचा वीतभर थर. त्यावर शेणाचा काला, गोठ्यातली मुताने भिजलेली माती आणि मूठ-मूठ चुलीची राख. मग पुन्हा थर. पऱ्हाट्यांसारखं, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्यांसारखं, टणक काही असेल तर तसंच टाकू नकोस. हॉवर्डच्या शेतावर ते वाटेवर पसरून ठेवत, येणारे-जाणारे बैल आणि गाड्या तुडवून त्याचा चुरा करत. तुझ्याकडे ट्रॅक्टर आहे, त्याच्या वाटेवर टाक. भरताना थरावर नाचायचं नाही. नवे पोरगे आणि परदेशी पाहुणे दोघेही हौसेने तुडवायला जातात. दाबलं की हवा गेली. सब्बलने दर तीन-चार फुटांवर उभं भोक पाडून ठेव. ओल किती? मुठीत पिळल्यावर बोटांच्या फटीत पाणी दिसावं, पण टपकू नये.

मग उलथणं : पंधरा-सोळा दिवसांनी एकदा, महिन्याने दुसऱ्यांदा, दोन महिन्यांनी तिसऱ्यांदा. बाहेरचं आत, आतलं बाहेर. नव्वद दिवसांत खत. पावसाळ्यात खड्ड्यात पाणी भरतं, तेव्हा हाच खेळ जमिनीवर ढीग करून खेळायचा. अमोनियाचा झोंबणारा वास आला तर शेण-हिरवं जास्त झालंय, सुकं घाल. सडका वास आला तर पाणी जास्त झालंय, लगेच उलथ.

या उलथण्यात माझ्या साइटवर जे दिसलं ते सांगतो. पहिल्या उलथण्याच्या आधी ढीग तापतो, साठ अंशांच्या वर जातो. हॉलंडहून आलेली एक मुलगी लांब दांडीचा थर्मामीटर घेऊन आली होती. रोज सकाळी वहीत आकडा. आमच्याकडची अलीराजपूरची एक बाई ढिगात सब्बल खुपसून ठेवायची, चहा होईपर्यंत. मग उपसून टोकाला हात लावायची आणि झटकन मागे घ्यायची : "पक रहा है." एके दिवशी मुलीने त्रेसष्ट आकडा वाचला, बाईने सब्बल धरलं, आणि दोघींनी एकमेकींकडे पाहून मान हलवली. आठवड्याभरात मुलगी सब्बल लावायला शिकली आणि बाई थर्मामीटर वाचायला. राखेचा हिशोब त्या बाईकडेच होता. तिच्या चुलीची राख ती एका फुटक्या माठात साठवून आणायची, मला न सांगता, पहिल्या दिवसापासून. मी राख विकत आणायच्या गप्पा करत होतो.

तू कंपोस्टचा एक खड्डा पहिल्या थरापासून चाळणीपर्यंत स्वतः कर. मजुरांबरोबर, पण तुझ्या हाताने. एक काम पूर्ण शेवटपर्यंत केलेल्या माणसाला दहा कामांवर देखरेख करता येते. दहा कामं अर्धी पाहिलेल्याला एकावरही करता येत नाही.

आता माझी चूक, म्हणजे तुझी टळेल. १९९६. जानापावच्या बाजूचा उतार. तो डोंगर माहीत आहेच तुला, चंबळ तिथे उगम पावते. त्या भागात एका उतारावर पडलेलं पाणी चंबळेतून यमुनेला आणि पुढे बंगालच्या उपसागराला जातं, दुसऱ्या उतारावरचं नर्मदेतून अरबी समुद्राला. अशा जागी समपातळी चर, म्हणजे उतारावर आडवे, एकाच पातळीत जाऊन पाणी अडवणारे चर, खणायचे होते. मी उत्साहात होतो, आणि ओळ नजरेने आखली. "दिसतंय की सरळ!" आमच्या टोळीतला एक वयस्क भिल दोनदा म्हणाला, "साब, पानी इधर से फूटेगा." मी म्हटलं, आखलंय तसं खणा. जुलैत पहिला जोराचा पाऊस आला. चर एका टोकाला फूटभर खाली गेला होता, सगळं पाणी तिकडे धावलं, बांध नेमका त्याने दाखवलेल्या जागी फुटला आणि खालच्या शेतकऱ्याचं उगवून आलेलं सोयाबीन चिखलाखाली गेलं. भरपाई मी दिली. त्याहून जास्त बोचलं ते असं, की तो माणूस "मैंने बोला था" असं एकदाही म्हणाला नाही. दुसऱ्या दिवशी गैंती घेऊन फुटलेल्या जागी उभा होता.

समपातळी काढायला महागडं यंत्र लागत नाही. दोन सारख्या लांबीच्या काठ्या वर बांधून इंग्रजी ए अक्षरासारखी चौकट कर, मध्ये आडवी पट्टी, टोकाला सुतळीने दगड लटकव. झाला ओळंबा. आधी ती चौकट सरळ करून घ्यावी लागते : दोन पाय जमिनीवर ठेव, सुतळी पट्टीवर जिथे येते तिथे खूण कर, मग पाय अदलाबदल करून त्याच जागी ठेव, पुन्हा खूण. दोन खुणांच्या मधोमध जी रेघ, ती खरी पातळी. आता एक पाय रोवून दुसरा पुढे फिरव, सुतळी मधल्या रेघेवर येईपर्यंत हलव, चुन्याने खूण, पुढे. चर साधारण दोन फूट रुंद, दीड-दोन फूट खोल, माती उताराच्या खालच्या बाजूला टाकायची, आणि चर नि बांध यांच्यात फूटभर जागा मोकळी सोडायची, नाहीतर माती पुन्हा चरातच ढासळते. अर्ध्या दिवसात येतं हे. आणि कोणी म्हातारा म्हणाला की पाणी इकडून फुटेल, तर त्या जागी चौकट पुन्हा लाव.

दगडी बांधाबद्दल थोडक्यात, कारण ते वाचून येत नाही. सांध्यावर सांधा नको, लांब दगडाची लांबी भिंतीच्या पोटात जावी, पोकळीत चिपा ठासून भराव्यात, भिंत आत कललेली. कोकणात गडगा घालणारा माणूस, आपला वडार, आणि युरोपातला शेतकरी तिघेही हेच सांगतील. विनाचुन्याच्या दगडी भिंतींची कला युनेस्कोने २०१८ मध्ये आठ युरोपीय देशांच्या नावे वारसा यादीत घातली. आपला गडगाही त्याच पंगतीत बसला असता.

मापाची गोष्ट मात्र नीट ऐक. खोदकाम ठेक्यावर असतं तेव्हा खड्ड्याच्या मध्ये न खणलेल्या मातीचा एक खुंट तसाच उभा ठेवतात. त्याच्या माथ्यापासून तळापर्यंत फीत लावली की खोली कळते, वाद नाही. काही जण खुंटाच्या माथ्यावर चार बोटं माती लिंपून उंची वाढवतात. काही ठेकेदार रात्री तोच खुंट तासून कमी करतात. दोन्ही मी पाहिलंय. माप घेताना टोळीतलं कोणीतरी फीत धरायला हवं आणि आकडा मोठ्याने बोलायला हवा, त्यांना समजेल अशा भाषेत. मजुरीचा हिशोब त्याच दिवशी सांगायचा. बाईची रोजी आणि पुरुषाची रोजी एकच. कायदा १९७६ पासून आहे, साइटवर यायला तुझ्यासारख्यांची वाट बघतोय.

आता तुझ्या "समान मूल्या"कडे येतो. झाबुआच्या भिलांमध्ये हलमा नावाची रीत आहे. एखाद्याचं काम अडलं, घर शाकारायचंय, पेरणी मागे पडलीय, तर तो हाक देतो आणि घरटी माणूस आपापली गैंती-तगारी घेऊन जातो. मजुरी नाही. झाबुआजवळच्या हाथीपावा टेकडीवर अशाच हलम्याने हजारो लोकांनी चर खणलेत. आपल्याकडे इर्जिक होतं. माझे आजोबा खानदेशातून होळकरांच्या नोकरीत इंदूरला आले, ते सांगायचे : मागे पडलेल्याच्या शेतावर दहा-बारा औतं एकदम उतरायची. एकदा दुपारच्या सुट्टीत हे बोलणं निघालं तेव्हा आयर्लंडची एक बाई म्हणाली, आमच्याकडे याला "मेहल" म्हणतात, शेजारी पाळीपाळीने एकमेकांची कापणी करतात. मी भाषांतर केलं. टोळीच्या म्हाताऱ्याने सगळं ऐकून एकच प्रश्न विचारला : "रोटी कौन देता है?" तिने सांगितलं, ज्याचं शेत त्याचं घर. म्हाताऱ्याने समाधानाने बिडी पेटवली. बस, त्याची खात्री पटली होती, ही माणसं आपल्यातलीच.

इथपर्यंत गोष्ट गोड आहे. पुढची कमी गोड. एका जमीनमालकाने हे कुठेतरी वाचलं आणि मला म्हणाला, "आपणही एक हलमा ठेवू या, शेततळं होऊन जाईल, फोटोही छान येतील." मी नाही म्हणालो, ते काम सोडलं. हलमा, इर्जिक, मेहल या सगळ्यांच्या तळाशी एक हिशोब आहे, लिहिलेला नाही पण पक्का : आज मी तुझ्याकडे, उद्या तू माझ्याकडे. जो मालक कधी कोणाच्या शेतावर गैंती घेऊन गेला नाही त्याने हलमा मागणं म्हणजे बिनपगारी मजुरी मागणं, वरून संस्कृतीचं नाव. तुझ्या मालकाला असं सुचलं तर तू काय करशील हे आजच ठरवून ठेव. आणि परदेशी स्वयंसेवकांच्या बाबतीतही हेच : जेवण-राहण्याच्या बदल्यात काम हे अनेक देशांच्या कायद्यात कामच धरलं जातं, त्यांच्या व्हिसात ते बसतं का हे मालकाला लेखी विचारायला लाव. मजुराचं पोटाचं काम त्यांच्या हौसेच्या हाताने काढून घ्यायचं नाही, हेही.

सगळंच सारखं असतं असं मी म्हणत नाही. नकार देण्याची रीत अगदी वेगळी असते, आणि तिथेच बहुतेक भांडणं होतात. डच मुलगी तोंडावर सांगते, "हे चुकीचं आहे." तिच्या दृष्टीने तो आदर. माळवी शेतकरी म्हणतो "हो जाएगा", ज्याचा अर्थ बरेचदा होणार नाही असा असतो. भिल मजूर गप्प बसतो, आणि सकाळी येत नाही. आपण इंदुरी मराठी लोक "बघू" म्हणतो आणि पोहे मागवतो. चारही नकारच आहेत. त्यामुळे हुकूम दिल्यावर "समझे?" विचारू नकोस, त्याचं उत्तर नेहमी "हाँ" येतं. "पहले क्या करोगे?" असं विचार.

सणांचं वेळापत्रक मालकाच्या कॅलेंडरवर नाही, टोळीच्या कॅलेंडरवर लाव. होळीच्या आधीच्या आठवड्यात भिलांचा भगोरिया मेळा असतो, तेव्हा साइट रिकामी राहणार, रोपं लावायचं त्या आठवड्यात ठरवू नकोस. अमावास्येला शेजारचा शेतकरी बैल जुंपणार नाही. नवं धान्य आलं की भिलांची नवाई होते, त्याआधी ते ते धान्य तोंडात घालत नाहीत. आपली नवान्न पौर्णिमा आजीबरोबर गेली असेल, पण अर्थ कळायला तेवढी आठवण पुरते.

राहिलेलं भराभर. उन्हाळ्यात सहाला सुरू, अकराला बंद, उरलेलं चारनंतर. पाण्याचा माठ कामापासून पन्नास पावलांत, सावलीत, आणि माठ हलवणं ही तुझी जबाबदारी. कोणाचा घाम थांबला, बोलणं असंबद्ध झालं तर सावली, ओलं फडकं, वारा आणि तडक दवाखाना. दगड उलटताना सब्बलने पलीकडची कड उचलून दगड स्वतःकडे कलता ठेव, म्हणजे खाली जे काही असेल ते तुझ्यापासून दूर पळेल. साप चावला तर चिरणं नाही, करकचून बांधणं नाही, हात-पाय हलू न देता १०८ला फोन. प्रतिविष कुठल्या दवाखान्यात असतं ते काम सुरू होण्याआधी जाऊन विचार. तगारी कोणी एकट्याने डोक्यावर चढवत नाही, समोरचा हात लावतो. तू रिकामा उभा असशील तर तो समोरचा तू आहेस.

येत्या रविवारी माझ्याकडे एका ढिगाचं दुसरं उलथणं आहे. सकाळी सहाला ये, नाश्ता नंतर. फावडं माझ्याकडे आहे, गैंती तुझी आण, दांडा बसवून. धावडा मिळाला नाही तर बाभळीचा चालेल. ती अलीराजपूरची, राखेच्या माठाची बाई अजून आमच्याकडेच आहे, दांडा तीच तपासेल.